मे महिन्यात बोअर वरच्या अंगाला

साकीनाक्याच्या एका गाळ्यात, मे महिन्यातल्या दुपारी, शंभर मिलिमीटरच्या एका भोकावरून वाद झाला आणि तो माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

गाळा नेहमीसारखाच. खाली दोन सीएनसी लेथ, पोटमाळ्यावर शेठचं ऑफिस, वर तापलेला पत्रा आणि गरम हवाच इकडून तिकडे ढकलणारे दोन पंखे. मी शिकवतो त्या कॉलेजातली तिसऱ्या वर्षाची एक मुलगी तिथे इंटर्नशिप करत होती, तिच्या फाइलवर सही करायला मी गेलो होतो. ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये बेअरिंगसाठी बोअर, म्हणजे नेमक्या मापाचं गोल भोक, मारायचं काम चालू होतं. ड्रॉइंगवर माप होतं १०० एच७. म्हणजे शंभरच्या वर ३५ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चालेल, खाली एकही चालणार नाही. मुलीने बोअर गेज लावलं, १० मायक्रॉन जास्त आलं. पास. ती पीस ट्रेमध्ये ठेवायला गेली तर मशीनवरच्या ऑपरेटरने तिला थांबवलं. वय साठीच्या अलीकडे, सगळे त्यांना मामा म्हणतात.

"पोरी, तो बाजूला काढ. परत येईल तो."

"मामा, मापात आहे की."

"इथे आहे. पार्टीकडे एसी आहे. मे महिन्यात बोअर वरच्या अंगाला ठेवायचा असतो."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी तिला कागद काढायला सांगितला. जगभर लांबीची मापं २० अंश सेल्सिअस तापमानाला धरतात, हे मापनशास्त्राच्या पहिल्या धड्यात असतं आणि ती त्यात पासही झालेली होती. गाळ्यात त्या वेळी ३४ अंश. शंभर मिलिमीटर पोलाद १४ अंशांनी तापलं की साधारण १६ मायक्रॉन वाढतं, ॲल्युमिनियम जवळपास त्याच्या दुप्पट. गेज ज्या रिंगवर सेट केलं ती पोलादाची, हाउसिंग ॲल्युमिनियमचं. फरक राहतो तो १६ मायक्रॉनचा. म्हणजे इथे १० जास्त दिसलेला बोअर पार्टीच्या, म्हणजे माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या, थंड खोलीत ६ मायक्रॉन कमी भरणार. मामा म्हणाले तसा परत येणार.

तिने हे गणित दोन मिनिटांत केलं. सूत्र तिला तोंडपाठ होतं; ते या गाळ्यात, या पत्र्याखाली लागू होतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्या 'कुणी'त मीही येतो. मामांचं शिक्षण आठवीपर्यंत. त्यांनी हा नियम वर्षानुवर्षं परत आलेल्या मालातून शिकून घेतला. पण गोष्ट एवढ्यावर संपली असती तर 'अनुभव मोठा की पुस्तक मोठं' या आपल्या लाडक्या परिसंवादात तिची भर पडली असती. शेठने वरून वाकून सांगितलं ते असं: मागच्या उन्हाळ्यात बिडाची हाउसिंग आली होती. मामांनी तिथेही बोअर वरच्या अंगालाच ठेवले आणि बेअरिंग ढिली बसली. बीड आणि पोलाद जवळपास सारखंच वाढतं, तिथे गेज आणि जॉब एकमेकांना सांभाळून घेतात, नियम लागूच होत नाही. मामांना नियम ठाऊक होता, तो कुठे थांबतो हे ठाऊक नव्हतं.

ही दोन माणसं एका डोक्यात आणायची, हे विद्यापीठाचं काम आहे असं मला वाटतं. उद्योगाचं नव्हे, क्लासवाल्यांचं नव्हे, सरकारी कौशल्य-पंधरवड्याचंही नव्हे. विद्यापीठाचं. आणि मुंबईत आपण ते काम करत नाही.

अमेरिकेत अशा शिक्षणाला मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी म्हणतात. इंजिनिअरिंगहून वेगळी, पण तीही चार वर्षांची पदवीच. तिथली मान्यता देणारी संस्था इंजिनिअरिंग आणि इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी यांच्यासाठी दोन स्वतंत्र आयोग ठेवते. टेक्नॉलॉजीवाल्यांची सिद्धांतांची बाजू थोडी हलकी असते, तो वेळ मशीन, मापन, टूलिंग, प्रोसेस प्लॅनिंग यांत जातो. फिक्स्चर (जॉब पकडून ठेवणारं साधन) कागदावर काढलं तर ते बनवायचं, मशीनवर चढवायचं, शंभर पीस काढायचे आणि त्यातले अकरा का फुकट गेले ते शोधायचं.

आपल्याकडे आहे ती तीन मजली इमारत. तळमजल्यावर आयटीआय, त्यावर डिप्लोमा, वर डिग्री. जिने आहेत, डिप्लोमावाल्याला डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो. पण वर जाताना हाताचं काम खालीच ठेवून जायचं, असा अलिखित नियम आहे. आयटीआयचा मुलगा लेथवर हात काळे करतो. डिप्लोमाचा थोडे करतो. डिग्रीवाल्याने पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये एक फिटिंगचा जॉब, एक सुतारकामाचा, एक वेल्डिंगचा केला की तो आयुष्यभरासाठी पवित्र झाला. मी विद्यार्थी होतो तेव्हाही हेच होतं. फिटिंगचा जॉब म्हणजे पोलादाचे दोन चौकोन, एकात इंग्रजी व्हीसारखी खाच, दुसऱ्याला तसंच टोक, एकमेकांत बसले पाहिजेत. कानस सरळ चालवणं किती कठीण आहे हे त्या जॉबमधून कळतं. कानस झोपाळ्यासारखी वरखाली होते, कडा गोल होतात, चौथ्या दिवशी तळहात सोलतात. आज हा जॉब तयार विकत मिळतो. एका कॉलेजात असताना मी स्वतः पाहिलं आहे, एकच जॉब तीन बॅचमध्ये फिरत होता, फक्त त्यावरचा पंच केलेला रोल नंबर दर वेळी घासून काढलेला. घासून काढल्यामुळे तो सव्वा मिलिमीटर पातळ झाला होता. कुणी मोजला नाही. फाइल मात्र पूर्ण होती, प्रत्येक पानावर सही होती.

याच्या मुळाशी काय आहे हे महाराष्ट्रात फार समजावून सांगायला नको. हत्यार धरणाऱ्या जाती आणि लेखणी धरणाऱ्या जाती ही आपली जुनी वाटणी आहे. लोहार, सुतार, कासार, तांबट यांची विद्या शेकडो वर्षं शाळेच्या बाहेर राहिली, आणि शाळा आली तेव्हा तिने ती विद्या आत घेतली नाही, त्या घरांतल्या पोरांना ती विसरायला लावली. मशीनवर उभं राहणं कमीपणाचं वाटतं त्यात आळसाचा भाग थोडाच. 'इंजिनिअर झालास आणि कपडे तेलाने माखून येतोस?' हे वाक्य मी माझ्याच घरात ऐकलं आहे, आणि माझे वडील तर गिरणी कामगार होते.

ते साचे खात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, जॉबर (मुकादम) होते. साचा बिघडला की डोळे मिटून दोन मिनिटं ऐकायचे आणि कुठला पार्ट झिजलाय ते सांगायचे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो. अडीच लाख माणसांचा संप कसा संपला, किंवा संपलाच नाही, ते इथे काढत नाही. त्या संपाबरोबर गेलेल्या गोष्टींच्या याद्या करताना आपण नोकऱ्या मोजल्या, चाळी मोजल्या, जमिनी तर इंचाइंचाने मोजल्या. ते ऐकून ओळखणं मोजलं नाही. गिरणगावातल्या जॉबरांच्या डोक्यात जे होतं ते उतरवून घ्यायला एकही प्राध्यापक वही घेऊन आला नाही. लोककला म्हणून त्यांची गाणी उतरवली गेली, हे चांगलंच झालं. पण त्यांचं तंत्रज्ञान कुणाला तंत्रज्ञान वाटलं नाही.

हे सगळं मुंबईत घडावं याची मला जास्त चीड आहे, कारण या शहराने सुरुवात वेगळी केली होती. १८८७ साली भायखळ्याला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट उघडली ती शहरातल्या गिरण्या आणि कारखाने डोळ्यांपुढे ठेवून. १९२३ मध्ये ती माटुंग्याला आली, पुढे वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाऊ लागली, व्हीजेटीआय ही आद्याक्षरं तीच राहिली. तिथे लक्ष्मणराव किर्लोस्कर ड्रॉइंग शिकवत. चित्रकार व्हायला मुंबईत आलेला हा माणूस, रंग नीट ओळखता येत नाहीत हे कळल्यावर यंत्रांच्या रेखाटनाकडे वळला आणि शिकवता शिकवता संस्थेच्या वर्कशॉपमध्ये रमला. बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून बेळगावला सायकलींच्या दुकानात गेला, आणि पुढे लोखंडी नांगर केला. तो नांगर सुरुवातीला दोन वर्षं कुणी घेईना. लोखंडाने जमिनीला विष चढतं अशी समजूत होती. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. मराठी माणसाला उद्योग जमत नाही या रडगाण्यावर उतारा म्हणून ही गोष्ट आपण सांगतो. मला तिच्यात दुसरंच काही दिसतं. ड्रॉइंगचा मास्तर आणि वर्कशॉप यांच्यात तेव्हा दार होतं, आणि ते उघडं होतं.

आता त्याच शहरातली दुसरी पाटी वाचा. १९६३ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मदतीने पवईला, विहार तलावाच्या काठी, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग सुरू झाली. कारखान्यातलं काम कसं मोजावं, कसं मांडावं, हे शिकवणारी देशातली मोठी संस्था. २०२३ मध्ये तिचं आयआयएम मुंबई झालं. पाटी बदलली म्हणून आतले विषय एका रात्रीत बदलत नाहीत, हे मान्य. पण पाटी कुणाला बोलावण्यासाठी बदलतात ते सगळ्यांना कळतं.

मग लगेच ठरलेला आक्षेप येतो: मुंबईत कारखाने उरलेत कुठे? कुर्ल्याची प्रीमियर गेली, भांडुप-कांजूरची रांग गेली, एलबीएस मार्गावर ज्या टूलरूममध्ये मी नोकरीला लागलो तिथे आज अठ्ठावीस मजली टॉवर आहे. (त्याच्या जाहिरातीत 'इंडस्ट्रियल लुक'चं क्लब हाउस आहे. असो.) ज्या शहरात बोअर मारत नाहीत तिथे बोअर का शिकवायचा?

पण मारतात. माझगाव डॉकमध्ये कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्या बांधून झाल्या, त्यातली शेवटची, वागशीर, जानेवारी २०२५ मध्ये नौदलात दाखल झाली. पाणबुडीच्या कवचाचं वेल्डिंग म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे तो या शहराला कारखान्याशिवायचं शहर म्हणणार नाही. रेल्वेचं माटुंगा वर्कशॉप १९१५ पासून आहे. व्हीजेटीआय आणि ते, दोन्ही एकाच माटुंग्यात. किती विद्यार्थ्यांनी आतून पाहिलंय, विचारून बघा. आणि गाळे तर मोजता येणार नाहीत इतके. साकीनाका, मरोळ, वसईचं वालीव, ठाण्याचं वागळे इस्टेट, रबाळे, तळोजा, अंबरनाथ, लोकलचा पास काढून जाता येईल अशा टप्प्यात. धारावीत प्लास्टिक दळायची मशीनं तिथल्या तिथे बनतात, ड्रॉइंगशिवाय. नागदेवी स्ट्रीटला एक फेरी मारा, या शहरात अजून किती ड्रिल आणि टॅप खपतात ते दिसेल. कारखाना गेला नाही. तो मोठ्या गेटातून निघून छोट्या शटरमागे गेला, आणि शटरमागे गेलेली गोष्ट विद्यापीठाला दिसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मुलंच येत नाहीत. प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की कॉम्प्युटर आणि एआयच्या जागा आधी भरतात, प्रॉडक्शनकडे मुलं शेवटी वळतात. मी मुलांना दोष देत नाही. बारा तासांची पाळी, कंत्राटावरची भरती, ट्रेनी म्हणून मिळणारा पगार आणि तीन वर्षांनी 'कायम करू' हे आश्वासन. शेजारचा मित्र एसीत बसून सुरुवातीलाच याहून जास्त कमावतो. 'कुशल माणसं मिळत नाहीत' असं व्यासपीठावर रडणारे कारखानदार मला ऐकवत नाहीत. मिळत नाहीत ती त्यांच्या भावात. २०११ च्या राष्ट्रीय उत्पादन धोरणात २०२२ पर्यंत जीडीपीतला या क्षेत्राचा वाटा २५ टक्क्यांवर न्यायचं ठरलं होतं, तो १६-१७ च्या आसपासच घुटमळतोय. या घुटमळण्याला अनेक कारणं आहेत. बनवणाऱ्याला मान आणि दाम दोन्ही कमी द्यायचे आणि बनवणारा मिळावा अशी अपेक्षा धरायची, हे त्यातलं एक.

पण मुलं न येण्यात आमच्या अभ्यासक्रमाचाही हात आहे. तो मुलाला ना धड संशोधक करतो ना धड कारागीर. चौथ्या वर्षी मुलगा ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा अहवाल) बांधून घेतो, ओरल्सला टाय लावून येतो, आणि पहिल्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा कारागीर, त्याला झिरो ऑफसेट कसा घ्यायचा हे विचारतो तेव्हा गप्प होतो. त्या गप्प होण्याची बातमी ज्युनिअरांपर्यंत पोचते. पुढची बॅच आपलं पाहून शहाणी होते.

तर पदवी अशी हवी, की तिचा अर्धा वेळ शॉपफ्लोअरवर जाईल आणि त्या अर्ध्याला उरलेल्या अर्ध्याइतकेच गुण असतील. पहिल्या वर्षापासून. सहा महिने गाळ्यात, सहा महिने वर्गात, आणि वर्गात आल्यावर गाळ्यातले प्रश्न घेऊन यायचं. त्या मुलीने मे महिन्याच्या बोअरचं कोडं घेऊन उष्मागतिकीच्या तासाला बसलं पाहिजे. मग केटी लागणार नाही, म्हणजे विषय राहणार नाही, असं नाही, पण लागली तर कशात लागली ते तरी कळेल. कायदा आडवा येत नाही. १९६१ चा अप्रेंटिसशिप कायदा आहेच, ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. अडचण आहे ती उमेदवाराला स्वस्तातला हमाल समजण्याची. सहा महिने एकाच प्रेसवर पेडल मारायला लावलेली मुलं मी पाहिली आहेत. म्हणून विद्यापीठाचा माणूस दर पंधरवड्याला तिथे उभा हवा, सहीपुरता नाही. आणि चारपेक्षा कमी माणसांच्या गाळ्यांना तर हा कायदा मोजतच नाही; तिथे विद्यापीठाला स्वतःच दार ठोठवावं लागेल.

'म्हणजे डिप्लोमालाच डिग्रीचा कोट घालायचा!' असं एक ज्येष्ठ सहकारी मला म्हणाले. हा टोमणा अमेरिकेतही चालतो, नुसता टोमणा नाही: तिथल्या काही राज्यांत परवानाधारक इंजिनिअर व्हायला टेक्नॉलॉजीवाल्याला जास्त वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, काहींत तो रस्ता बंदच आहे. धोका खरा आहे. या पदवीतून गणित काढून टाकलं तर ती दुय्यम होणारच, आणि मामांसारखी बिडावर अडकणार. माझं म्हणणं गणित कमी करा असं नाही. ते कुठल्या दिवशी शिकवायचं, एवढंच बदला.

खरा गुंता शिकवणाऱ्यांचा आहे. जर्मनीत उपयोजित विज्ञानांच्या विद्यापीठात प्राध्यापक व्हायचं तर पीएचडीच्या जोडीला पाचेक वर्षांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो, त्यातली तीन विद्यापीठाबाहेरची. आपल्याकडे मास्टर्स झालेला मुलगा एकही दिवस कारखान्यात न घालवता मशीन टूल्स शिकवायला उभा राहू शकतो, आणि राहतो. २०२२ मध्ये यूजीसीने 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' हे पद काढलं, मंजूर जागांच्या दहा टक्क्यांपर्यंत. पंधरा वर्षांचा अनुभव हवा, पदवीची अट नाही. मी ते वाचून खरोखर आनंदलो होतो. पुढे एक शब्द होता: अनुभव शक्यतो वरिष्ठ पातळीवरचा. म्हणजे व्हाइस प्रेसिडेंट येऊन पॉवरपॉइंट दाखवणार. टूलरूममधला फोरमन, सेटर, पॅटर्नमेकर हे वरिष्ठ की कनिष्ठ, हे कुठल्या तक्त्यावरून ठरवायचं?

भाषेचाही प्रश्न आहेच. ही सगळी विद्या मराठी-हिंदीच्या मिसळीत जगते. 'दोन सूत मार', 'कच्चा टाका दे', 'जॉब निवू दे', 'बर काढ'. यातलं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मी एकदा वर्गात विचारलं तर साठांतल्या दोघांना माहीत होतं. दोघांचेही वडील फॅब्रिकेशनच्या धंद्यातले. बाकीच्यांसाठी तो शब्दच नाही, आणि जो शब्द परीक्षेच्या पेपरात येत नाही तो ज्ञान मानायचा नाही अशी आमची रीत.

त्या दिवशी निघताना मी मामांना विचारलं, कॉलेजात याल का, महिन्यातून दोन दिवस, हेच सगळं पोरांना सांगायला? लॅबमध्ये लेथ आहे, गेज आहेत, मी बरोबर असेन.

मामांनी कॉटन वेस्टने हात पुसले. बोअर गेज डबीत ठेवलं, डबीचं झाकण दोनदा दाबून पाहिलं.

"येतो की. पण त्या दिवसाची हजेरी कोण लावणार सर, तुमचं कॉलेज की माझा शेठ?"

मी वर पोटमाळ्याकडे पाहिलं. शेठ फोनवर होता.